टू टियर केकचा भाव किलोवर सांगायचा की कामावर?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते आणि घरून केक करते, सगळे एगलेस. ऑर्डरी बहुतेक ओळखीतूनच येतात: सोसायटीतले वाढदिवस, नणंदेच्या ऑफिसातला निरोप समारंभ, मुलीच्या वर्गातल्या आयांचे फोन. पाइनॅपल, बटरस्कॉच, ट्रफल, रसमलाई या क्रीम केकचा माझा भाव अर्ध्या किलोला ३०० आणि किलोला ५५० आहे. त्यावर कोणी कधी कुरकुर केलेली नाही आणि मलाही दोन पैसे सुटतात.

आता एक मोठी ऑर्डर आलीय. बाळाचा पहिला वाढदिवस, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, कोरेगाव रस्त्यावरच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसं. त्यांना जंगल थीमचा दोन टियरचा, म्हणजे एकावर एक दोन मजल्यांचा, चॉकलेट केक हवाय, अडीच किलोचा. फोटो पाठवलाय. वर सिंह बसलेला, बाजूला हत्ती आणि जिराफ, खाली माकड, सगळीकडे हिरवी पानं, पुढे मोठा १ आणि बाळाच्या नावाची पाटी. सगळं फॉन्डंटचं, म्हणजे कणकेसारख्या मळलेल्या साखरेचं. फॉन्डंटची फुलं, पाट्या, लहान टेडी मी केलेत. एवढी जनावरं एकदम कधी केली नाहीत, पण हात बसलेला आहे, जमेल याची खात्री आहे.

अडतंय ते भावापाशी. बाळाच्या आत्या फोनवर म्हणाल्या, "तुमचा किलोचा साडेपाचशे आहे ना, मग अडीच किलोचे तेराशे पंचाहत्तर, चौदाशे धरू या." मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. सासूबाई म्हणतात पंधराशे सांग आणि मोकळी हो, माणसं आपल्या घरमालकीणबाईंच्या नात्यातली आहेत. हे म्हणतात तीन हजारांच्या खाली हात लावू नकोस. दोघांचंही म्हणणं मला अंदाजपंचे वाटतं. मला हिशेब कळायला हवाय, म्हणजे मी जो आकडा सांगेन त्यावर ठाम राहू शकेन.

शिवाय जुलैतला पाऊस. आमच्याकडे तेव्हा भिंतींनाही ओल येते. अशा हवेत फॉन्डंट टिकतं का?

---

राजवाडा_सातारा

ताई, मी बरीच वर्षं बेकरी लाइनमध्ये काउंटरवर आहे. गिऱ्हाईक आधी किलोचा भाव विचारतं आणि मगच केककडे बघतं, हे साताऱ्यातलं वास्तव आहे. मोती चौकात, पोवई नाक्यावर दुकानं आहेत, ती भाव करतात, सामान ठोकात आणतात. घरच्या माणसाने एकदम तीन हजार सांगितले तर ते लोक दुकानात जातील. माझ्या मते १८०० सांगा. पहिली मोठी ऑर्डर आहे, साठ-सत्तर माणसं तुमचं काम बघतील. नाव झालं की भाव वाढवा.

---

विश्रामबाग_सांगली

आधी हिशेब मांडू, मग भावाचं बोलू. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. केकचं काम सुरू करण्याआधी एका पतसंस्थेत क्लार्क होते, त्यामुळे वही लिहायचा हात आहे. माझ्याकडे प्रत्येक ऑर्डरचं वेगळं पान असतं. अगदी असाच एक केक मी कुपवाडच्या एका घरासाठी केलाय, अडीच किलो, खाली आठ इंची दीड किलोचा आणि वर सहा इंची एक किलोचा. ते पान समोर ठेवून तुला सांगते.

चॉकलेट एगलेस प्रीमिक्स, म्हणजे केकचं तयार पीठ, एक किलो, २०० रुपये. त्यात अर्धा लिटर पाणी आणि साधारण सव्वाशे मिली तेल गेलं की भाजून चौदाशे ग्रॅमच्या आसपास स्पंज येतो. वरचे फुगवटे कापले की बाराशे-साडेबाराशे उरतो, अडीच किलोच्या केकला तेवढा लागतो. तेल, साखरेचा पाक आणि किरकोळ मिळून ६०. व्हिपिंग क्रीम एक लिटरचं पाकीट २८०. गनाशसाठी, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या घट्ट मिश्रणासाठी, डार्क कंपाउंड चॉकलेट चारशे ग्रॅम, १८०. फॉन्डंट एक किलो, २६०. जेल रंग, फॉन्डंट कडक करणारी टायलोज पावडर, खायचा गोंद यांचा या केकपुरता वाटा ८०. आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ते: जाड ड्रम बोर्ड, मधला पातळ बोर्ड, डॉवेल (वरच्या टियरला आधार देणाऱ्या काड्या), उंच खोका, रिबिन, २२० रुपये. बेरीज १२८०. ओव्हन आणि फ्रीजच्या विजेचे ७० धर, झाले १३५०. मी प्रीमिक्स, तेल, साखर गणपती पेठेतून घेते आणि बाकीचं केकच्या सामानाच्या दुकानातून, तुझ्याकडे शंभर-दीडशेचा फरक पडेल.

आता आत्याबाईंचा आकडा बघ. १३७५. सामान वजा जाता २५ रुपये उरतात. चार जनावरं, शेकड्याने पानं, दोन टियर उभे करणं आणि कोरेगाव रस्त्यापर्यंत ते सांभाळून नेणं, हे सगळं २५ रुपयांत.

यात आत्याबाईंचं काही चुकत नाही. त्यांना आपणच किलोचा भाव शिकवलाय. क्रीम केकला किलोचा भाव बरोबर बसतो, कारण तिथे वजन वाढलं की सामान वाढतं आणि काम फार वाढत नाही. किलोच्या पाइनॅपलला मला जेवढा वेळ लागतो त्याहून पंधरा-वीस मिनिटंच दोन किलोच्याला जास्त लागतात. डिझाइनच्या केकचं तसं नाही. हत्ती एक किलोच्या केकवर बसवा नाहीतर तीन किलोच्या, तो घडवायला तेवढाच वेळ जातो. म्हणून हत्तीचा भाव किलोत सांगताच येत नाही. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला आपण कापड किती मीटर यावर शिलाई विचारत नाही, साधा, अस्तराचा, आरी वर्कचा असंच विचारतो ना? आणि आरी वर्कचे जास्त पैसे मुकाट देतो.

तास मोज. माझ्या पानावर असं आहे: सामान आणणं आणि फोनवरचं बोलणं एक तास, भाजणं दोन तास, जनावरं आणि पाटी दोन संध्याकाळी मिळून पाच तास, थर लावणं, गनाश, क्रीम, पानं, टियर चढवणं तीन तास, भांडी आणि पॅकिंग एक तास. बारा तास झाले. ओव्हनमध्ये केक असताना मी भाजी निवडते, तो वेळ यात धरलेला नाही. तासाचा दर तू ठरव. मी शंभर धरते. सांगलीत हाताला कसब असलेल्या बाईला शंभर रुपये तास म्हणजे काही डोळे दिपवणारी रक्कम नाही. म्हणजे १२०० मजुरी. सामानाच्या दहा टक्के, १३५, नासधूस आणि झीज म्हणून ठेवते: बीटर जळतो, नोझल हरवतात, जिराफाची मान मोडते आणि दुसरा करावा लागतो. एकूण २६८५. त्यावर पंधरा टक्के नफा, ४०० रुपये. साधारण ३१००.

मजुरी आणि नफा वेगळे का, असं माझ्या जावेने विचारलं होतं. मजुरी माझ्या हाताची, ती घरखर्चात जाते. नफा धंद्याचा, त्यातून मी ओव्हन बदलला, डीप फ्रीजर घेतला. उद्या एखादी मुलगी मदतीला ठेवलीस तर मजुरी तिला जाईल, तेव्हा धंद्यात काही उरायला हवं की नको?

आता हे सांगायचं कसं. पूर्ण बेरीज त्यांच्यापुढे मांडायची गरज नाही, पण भाव दोन तुकड्यांत सांग: "चॉकलेट केक अडीच किलो, नेहमीच्या भावाने १३७५. दोन टियर आणि फोटोतली फॉन्डंटची सजावट १७००. हॉलवर पोच २००." असं सांगितलं की तुझा किलोचा भाव खरा ठरतो आणि जास्तीचे पैसे कशाचे ते त्यांना आपोआप कळतं. त्यांना कमी करायचं असेल तर भाव पाडायचा नाही, काम कमी करायचं. माकड काढलं तर २००, हत्ती-जिराफ काढून नुसता सिंह ठेवला तर ५०० कमी. पानं फॉन्डंटऐवजी क्रीमची केली तर आणखी कमी. निवड त्यांची.

राजवाड्याच्या दादांचा अनुभव मी मानते, पण १८०० शी मी सहमत नाही. सामान जाऊन ४५० उरतात, बारा तासांचे. तासाला चाळीससुद्धा नाही. आणि आपली गावं लहान. हॉलमध्ये केक कापायच्या आधी बायका विचारतात, "केवढ्याला पडला?" त्या दिवशी जो आकडा कानावर जातो तोच पुढे वर्षभर तुझा भाव म्हणून फिरतो. नावाबरोबर १८०० पण फिरेल.

एक गोष्ट मात्र पैशांपलीकडची. सिंहाच्या आयाळीला, पाटीला सोनेरी भुकटी लावायचा मोह होईल. डबीवर "नॉन टॉक्सिक" लिहिलेली भुकटी खायची नसते, ती शोभेच्या वस्तूंसाठी असते. "एडिबल" लिहिलेलं, घटक आणि परवाना क्रमांक छापलेलं असेल तरच बाळाच्या केकला हात लाव. हिरवा, लाल गडद करायला रंग ओतत बसू नकोस. आपल्याकडे कृत्रिम रंगांना मर्यादा आहे, किलोला १०० मिलिग्रॅम, आणि जास्त झालेला लाल रंग कडूही लागतो. पानांचा हिरवा आदल्या दिवशी हलका मळून झाकून ठेव, रात्रीतून तो आपोआप गडद होतो.

---

कराड_बेकर

विश्रामबागच्या ताईंनी हिशेबाचं सगळं सांगितलं, मी पावसाचं सांगतो. मी आणि बायको कराडात छोटी बेकरी चालवतो, जुलै-ऑगस्टमध्ये फॉन्डंटच्या ऑर्डरी घेतो, पण रीत बदलून.

फॉन्डंट म्हणजे साखर, ती हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात अख्खा केक फॉन्डंटने मढवून फ्रीजमध्ये ठेवला आणि हॉलवर बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, चिकट होतो, रंग ओघळतो. म्हणून जुलैत केक मढवायचा क्रीमने किंवा गनाशने, आणि फॉन्डंटची फक्त जनावरं आणि पाटी. जनावरं चार-पाच दिवस आधी करा, फॉन्डंटमध्ये टायलोज पावडर मळा म्हणजे कडक होतात. फ्रीजमध्ये अजिबात ठेवायची नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कोरड्या खोलीत ठेवा, दिवसातून एकदा पंखा द्या. केकवर बसवायची हॉलवर पोचल्यावर, कापायच्या तासभर आधी. क्रीमवर फॉन्डंट जास्त वेळ बसलं की पाय विरघळतात, त्यामुळे प्रत्येक जनावराखाली गनाशचा किंवा चॉकलेटचा छोटा पातळ तुकडा घाला.

आत टूथपिक किंवा तार घालू नका. बाळाचा वाढदिवस, समोर पन्नास पोरं, कोण काय उचलून तोंडात घालेल सांगता येत नाही. कच्ची स्पॅगेटी मोडून घाला, जिराफाच्या मानेला तीच पुरते. मोठे डॉवेल लागतील ते फक्त खालच्या टियरमध्ये, आणि ते किती घातलेत हे हॉलवाल्यांना कागदावर लिहून द्या, कापणाऱ्याने मोजून बाहेर काढावेत.

दुसरं, अडीच किलोचा टू टियर साठ-सत्तर माणसांना कशाला? जेवणाबरोबर केकचा तुकडा चाळीस-पन्नास ग्रॅमच्या वर कोणी घेत नाही, म्हणजे तीन किलो लागेल. आम्ही असं करतो: दाखवायचा टू टियर दीड किलोचा, सहा आणि चार इंची, त्यावर सगळी सजावट. बाकी दीड किलो साधा चौकोनी केक, क्रीम फासलेला, स्वयंपाकघरातच कापून डिशमध्ये जातो. तो तुमच्या ५५० च्या भावाने. गिऱ्हाइकाला अर्धा किलो केक जास्त मिळतो आणि तुमचं थर लावायचं, उचलायचं ओझं कमी होतं. थर्माकोलचा डमी टियर सुचवणारेही भेटतील. डमीत फक्त सामान वाचतं. थर्माकोललाही आयसिंग करावंच लागतं, काम तेवढंच. त्यामुळे डमी म्हणून निम्म्या भावात द्या म्हटलं तर ऐकू नका.

टियर वेगवेगळे न्या, हॉलवर चढवा. गाडीत सीटवर नको, पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या सपाट जागेत किंवा डिकीत, खाली रबरी चटई. कोरेगाव रस्त्यावरचे गतिरोधक हिशेबात धरूनच निघा.

---

मिरजेची_आई

मी केक करत नाही, घेते. म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते.

मागे आम्ही मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला असाच थीमचा केक करून घेतला. केक करणाऱ्या दोघींना विचारलं होतं. एकीने सरळ "पस्तीसशे" असा एक आकडा सांगितला. दुसरीने केक वेगळा, सजावट वेगळी, पोच वेगळी असं सांगितलं, आणि विचारलं की तुमचं बजेट किती आहे, त्यात मी काय बसवू शकते ते सांगते. दुसरीचा शेवटचा आकडा दोन-तीनशे जास्तच होता, तरी आम्ही तिच्याकडेच गेलो, कारण आपण पैसे कशाचे देतोय ते समजलं.

माझ्या मुलाला रेल्वे हवी होती. बाकी सगळं माझी हौस होती. तिने ते ओळखलं आणि म्हणाली, "रेल्वेवर वेळ घालवते, बाकी क्रीमने करते." ताई, तुम्ही आत्याबाईंना विचारा की यातलं नेमकं काय हवंच आहे. बहुतेक उत्तर "सिंह आणि नाव" असं येईल. बाकी फोटो आवडला म्हणून पाठवलेला असतो.

आणि एक विनंती. फोटो कुठल्यातरी परदेशी केकचा असतो, एअरब्रशने रंगवलेला. हुबेहूब तसा येणार नाही, तुमच्या हाताचा सिंह कसा दिसतो त्याचा फोटो आधी पाठवा. आईबापांना त्या दिवशी धक्का नको असतो, चांगला असला तरी.

---

शाहूपुरी_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसले. माझ्याकडे बेरीज १४१० आली, फॉन्डंट आणि खोका इथे महाग पडतो. मिरजेच्या ताईंनी सांगितलं तसं आत्याबाईंना विचारलं, तर खरंच "सिंह, हत्ती आणि नाव" असंच उत्तर आलं. कराडच्या दादांच्या सल्ल्याप्रमाणे दीड किलोचा टू टियर आणि दीड किलो साधा असं सुचवलं. तीन किलो केकचे १६५०, सजावट आणि टियर १३००, पोच २००, एकूण ३१५० सांगितले. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या घरात विचारून सांगते. संध्याकाळी होकार आला. जिराफ घालता येईल का असंही विचारलं, तर त्याचे २०० वेगळे सांगितले, तेही चालेल म्हणाल्या.

आता तीन गोष्टी. आगाऊ किती घ्यावे? आणि आत्याबाईंचे भाऊ कंपनीत आहेत, त्यांनी बिल मागितलं, तर जीएसटी लावायचा का? माझ्याकडे एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचं, काही नाही. घरच्या घरी करणाऱ्याला ते लागतं का?

---

विश्रामबाग_सांगली

३१५० आणि जिराफाचे २००. छान केलंस. "दोन मिनिटं गप्प" हे मला फार ओळखीचं आहे, त्या वेळी आपण घाईने भाव कमी करून बोलून टाकतो. तू थांबलीस, हेच मोठं काम.

तुझ्या हिशेबात एक बदल लिहून ठेव. दीड किलो साधा केक आल्यामुळे बोर्ड आणि खोका कमी लागेल, पण कापून न्यायचा असेल तर पसरट डबे किंवा डिश तू देणार की हॉलवाले, ते आत्ताच विचार. साठ डिश आणि चमचे तुझ्या गळ्यात पडले तर तो वेगळा खर्च आहे.

आगाऊ निम्मे घे, यूपीआयवर, आणि ते आल्याशिवाय फॉन्डंटचं पाकीट उघडू नकोस. बाकीचे पोच होण्याआधी. हॉलवर पोचल्यावर सगळे पाहुण्यांत असतात, पैसे कोणाकडे मागायचे हेच कळत नाही, आणि आपण क्रीमच्या हातांनी उभ्या. चार दिवस आधी रद्द केलं तर आगाऊ परत नाही, हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव, तोंडी नको. नियम असा, पण माणूस बघून वागायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती रोडला शिरलं तेव्हा त्या आठवड्यातल्या सगळ्या ऑर्डरींचे आगाऊ पैसे मी परत केले. काहींचं सामान तयार होतं, तरी केले. त्यातली घरं आजही माझ्याकडेच येतात, पण त्यासाठी केलं नव्हतं. घरात पाणी शिरलेल्या माणसाकडून केकचे पैसे ठेवायचे नसतात.

जीएसटीचं सोपं आहे. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत राज्यातल्या राज्यात विकताना नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. त्यांना साधं बिल दे: तुझं नाव, तारीख, केक, सजावट, पोच, एकूण. कोणी म्हणालं की केकवरचा जीएसटी कमी झाला मग तुमचा भाव का नाही, तर शांतपणे सांग की २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १८ वरून ५ टक्के झाला तो जीएसटी लावणाऱ्या दुकानांच्या बिलावर. आपल्या बिलात तो आधीही नव्हता. आपल्याला फायदा झाला तर सामानाच्या खरेदीत, कंपाउंड चॉकलेटवरचाही तेव्हाच कमी झाला.

एफएसएसएआयची नोंदणी मात्र लागते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरून विकणारीही अन्नव्यावसायिकच. एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. छोट्या व्यावसायिकाची नोंदणी आहे, मोठा परवाना नाही, मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. स्वतः भरता येतो, हजारभर रुपये घेणाऱ्या मधल्या माणसाची गरज नाही. चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो खोक्यावरच्या स्टिकरवर छाप. पुढे शाळेची, कंपनीची ऑर्डर आली की पहिली तीच मागणी होते. आणि तू सगळं एगलेस करतेस तर तेही स्टिकरवर ठळक लिही. संकष्टीला, श्रावणात, घरात आजी असतील तिथे त्या एका शब्दावर ऑर्डर येते. भांडी अंड्याला लागलेली नाहीत हे तोंडाने सांगावं लागत नाही.

भाव ठरवायच्या वहीत आणखी एक पान उघड, महिन्याचं. ओव्हन आणि फ्रीजरमुळे घरचं वीजबिल शंभर युनिटच्या टप्प्याच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो. तो फरक घरखर्चात मुरतो आणि आपल्याला वाटतं केकमध्ये पैसे सुटतात. मागच्या वर्षीची बिलं काढून बघ, केक सुरू होण्याआधीची आणि नंतरची. माझ्याकडे त्यामुळेच प्रत्येक भाजणीमागे विजेचे पैसे वाढवावे लागले. जमेल तेव्हा दोन ऑर्डरींचे स्पंज एकाच वेळी भाज, ओव्हन तापायला लागणारी वीज एकदाच जाते. स्पंज चांगला गुंडाळून फ्रीजमध्ये एक दिवस ठेवला तर कापायलाही सोपा जातो, चुरा पडत नाही.

जानेवारीनंतर तुला साताऱ्यात बसून जे मिळतं ते आम्हाला सांगलीत मिळत नाही, महाबळेश्वर-पाचगणीची ताजी स्ट्रॉबेरी. फॉन्डंटच्या ऑर्डरी नसतील तेव्हा ताज्या स्ट्रॉबेरीचा केक काढ, त्याला किलोमागे शंभर-दीडशे जास्त आनंदाने देतात. फळ धुऊन कापडावर पूर्ण कोरडं करायचं आणि वरचं फळ पोच करायच्या आधी लावायचं, नाहीतर क्रीमला पाणी सुटतं. त्यात कष्ट कमी आणि सुटतं जास्त, म्हणून हंगामात तेच पुढे कर.

जिराफाचं शेवटचं. मान जाड ठेव, फोटोतल्यासारखी बारीक नको. स्पॅगेटीच्या दोन काड्या पोटापासून डोक्यापर्यंत घाल, डोकं वेगळं करून दुसऱ्या दिवशी लाव, आणि अंगावरचे ठिपके फॉन्डंटचे न चिकटवता ब्रशने रंगव. ओल्या हवेत चिकटवलेले ठिपके सरकतात. आणि एक जादाची मान करून खोक्यात ठेव.